पेव

संपादक बिडकरांचं पत्र आलं:
कथा बरी आहे, पण फ्लॅशबॅक लांबलाय.
पान चारवर माणूस आयर्विन पुलावर उभा राहतो
तो पान अकरापर्यंत तसाच उभा.
वाचकाचे पाय दुखतात, बाई.

त्यांचं बरोबर असेल.
पण ते हरिपूरचे नाहीत.
आमच्याकडे मागं जायचं म्हणजे खाली उतरायचं.

तोंड एवढंसं, पाटीनं झाकेल इतकं,
आणि आत पंचवीस फूट पोट.
बुडाशी पाचट, कडेनं पाचट, मध्ये हळद.
वर फरशी, फरशीवर चिखल लिंपून
व्यापारी चार-चार वर्षं विसरून जायचे.
तरी रंग उतरायचा नाही.
माझ्या कुठल्याच पानाबद्दल
मला असं म्हणता येत नाही.

आण्णा त्या पेवांवर दोर धरायचे.
सांगायचे, फरशी काढली की लगेच उतरू नये.
आतली हवा कुणी वापरलेली नसते,
ती माणूस ओळखत नाही.
सकाळी उघडायचं, दुपार जाऊ द्यायची,
मग दोराला बांधून कंदील सोडायचा.
जळत राहिला तर माणूस.
विझला तर अजून थोडं थांबायचं.

मी कथा लिहायला इथं शिकले
हे बिडकरांना कसं कळवू?
'त्याला आठवलं' असं लिहून
कुणाला खाली ढकलू नये.
आधी दोन-तीन 'होतं' लावावेत, पायऱ्यांसारखे:
पहाट झाली होती. भाऊ गावाहून आला होता.
मग पाय हळदीला टेकले की
'होतं' सोडून द्यावं, साधं चालावं:
हसला. वाकला. पाणी मागितलं.
वाचकाला कळत नाही
आपण जमिनीखाली कधी आलो.
वर यायला एखादी वस्तू पुरते,
बशीतल्या चहावर धरलेली साय,
नाहीतर नखांतला पिवळा.

आण्णा मात्र सिद्रामचं सांगताना
'होतं'वरच थांबायचे.
ट्रक आला होता. शेठ घाईत होता.
फरशी नुकती काढली होती.
कंदिलाची काच फुटली होती.
आणि मग: चहा टाक गं.
चाळीस वर्षं चौथ्या पायरीवर उभा एक माणूस.
पुराचं पाणी शिरलं, पेवं ढासळली,
हळद शीतगृहात गेली,
तिथं पावती मिळते, खोलीला नंबर असतो.
आण्णा पायरीवरच.

म्हणून मी कथेत नवी काच आणली,
कंदील आधी सोडला.
विझवला.
सिद्रामला काठावर बसवून विडी दिली,
ट्रक रिकामा पाठवला मार्केट यार्डाला,
शेठच्या शिव्या खाल्ल्या,
आणि तिन्हीसांजेला सिद्राम
अंगावरचं पाचट झटकत घरी जेवायला गेला.
सात पानं. हीच ती लांबलेली.

गेल्या बेस्तरवारी वाचून दाखवली.
आण्णांनी कानातलं मशीन काढलं,
धोतराला पुसलं, परत घातलं.
म्हणाले, असं न्हवतं.

मी वही मिटली.

सिद्राम उतरला, म्हणाले.
मी दोर सोडला.
खालनं हसला. म्हणाला, लई ऊब हाय रं.
मग बोलला न्हाई.
दोर जड झाला.

चहा टाक म्हणाले नाहीत.
बोलत राहिले, हळूहळू, आणखी खाली,
सिद्रामच्या खिशात पोरीसाठी घेतलेली रिबीन,
शेठनं ट्रकचं इंजिन बंद केलं नाही ते,
आणि एक वाक्य, जे मी इथंही लिहिणार नाही.

बिडकरांना अजून उत्तर दिलेलं नाही.
त्या दिवशी दिवेलागण झाली तरी
जागची हलले नाही.
आण्णा आत होते.
दोर धरायला कुणीतरी हवं होतं.